आऊटबोर्डचा घसरलेला स्क्रू: हातोडी, आच की ड्रिल?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. हर्णैपासून मालवणपर्यंत होड्या वर ओढल्या जातात, आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेली मशीनं, खोलली जातात आणि नेमका एखादा स्क्रू अडतो, त्याची खाच घसरते. डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली की समजायचं: स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियमची बॉडी आणि मध्ये खारं पाणी. यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि ती भुकटी आट्यांत घट्ट बसते.

खाच थोडी शिल्लक असेल तर आधी बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं टोक, बदला. जपानी मशीनवरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू बहुधा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर, म्हणजे फिलिप्स, त्यात पुरता बसत नाही; जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच खातो. झिरपणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग जेआयएस बिट लावा. बरेच स्क्रू इथेच सुटतात.

नाही सुटला, तर कुठला स्क्रू आहे त्यावर ठरवा.

गिअरबॉक्सच्या ड्रेन स्क्रूला, म्हणजे तेल काढायच्या स्क्रूला, माझी पसंती हातोडीच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला. फटका बसला की बिट खाचेत दाबलं जातं आणि त्याच क्षणी फिरतं. बिट मात्र खाचेइतकंच रुंद हवं. खाच पार गेली असेल तर डोक्याच्या कडेला छोटी छिन्नी तिरपी लावून उलट्या दिशेने हलके टोले द्या. वॉशर नवा टाकाच.

कार्ब्युरेटरवर हातोडी नको, नाजूक ओतकाम तडकतं. ज्योतही नको, तिथे पेट्रोल असतं. आच द्यायची ती इतर ठिकाणी, सील जवळ नसेल तिथे, हीट गनने. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून पकड सैल होते.

कव्हरच्या आणि कार्ब्युरेटरच्या वाटीच्या स्क्रूंना सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे डोकं उडवणं. ५ मिलिमीटरच्या स्क्रूला ५ चंच ड्रिल, मधोमध पंच मारून, हळू. डोकं सुटलं की ताण जातो, कव्हर निघतं आणि उरलेला खुंट ग्रिप प्लायरने धरून पुष्कळदा सहज फिरतो. ड्रेन स्क्रूला हे चालत नाही, धरायला खुंटच उरत नाही.

एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे स्क्रूत भोक पाडून आत घालायचं उलट्या आट्यांचं हत्यार, अगदी शेवटी, आणि बारीक स्क्रूत तर मी घालूच देणार नाही. तो निमुळता असतो, त्यामुळे आत जाताना स्क्रूला फुगवून आणखी आवळतो. शिवाय कडक पोलादाचा असल्यामुळे आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही. मग लेथवाल्या टर्नरकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

परत बसवताना स्टेनलेसचा ॲलन (षटकोनी खाचेचा) स्क्रू घ्या आणि आट्यांना मरीन ग्रीस न विसरता लावा. नुसतं स्टेनलेससुद्धा ॲल्युमिनियममध्ये धरतंच.