शेतपंपासाठी व्होल्टेज पाहणारा प्रिव्हेंटर घ्यावा की करंट पाहणारा रिले?

विजेच्या तीन फेजांपैकी एक फेज गेला की बोअरमधील सबमर्सिबल (पाण्यात बुडालेली मोटर) जळते, हे वरुड-मोर्शी भागातील संत्रा बागायतदाराला नव्याने सांगायला नको. अडचण येते ती स्टार्टरच्या पेटीत नेमके काय बसवावे, हे ठरवताना. दुकानदार साधारणपणे दोन पर्याय पुढे ठेवतो. एक म्हणजे येणाऱ्या तिन्ही फेजांचे व्होल्टेज पाहणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर. दुसरा म्हणजे मोटरकडे जाणाऱ्या तारांतील करंट पाहणारा मोटर प्रोटेक्शन रिले. माझ्या 5 अश्वशक्तीच्या मोटरवर आधी पहिला होता, आता दुसरा आहे. तेव्हा पुढील मत अगदी तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही.

व्होल्टेज पाहणाऱ्या प्रिव्हेंटरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तो स्वस्त आहे, गावातला कोणताही वायरमन तो बसवतो आणि त्याला मोटरच्या पाटीवरचा करंटचा आकडा विचारावा लागत नाही. शिवाय फेज नसेल किंवा लाईनचे काम झाल्यावर फेजांचा क्रम उलटला असेल, तर तो मोटर सुरूच होऊ देत नाही. करंट पाहणाऱ्या रिलेला मात्र मोटरला आधी वीज मिळाल्याशिवाय काही कळत नाही, आणि तोवर मोटर काही सेकंद जागच्या जागी घुमत राहते.

माझा निर्णय ज्या एका त्रासाने झाला, तो मात्र याच प्रिव्हेंटरचा होता. ज्या आठवड्यात थ्री फेज वीज रात्री असते, त्या आठवड्यात आमच्या डीपीवर (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर) तिन्ही फेजांचा भार क्वचितच सारखा असतो, कारण कुणी गोठ्यातले दिवे एका फेजवर टाकलेले असतात, तर कुणी कंडेन्सर (कपॅसिटर) लावून दोनच फेजवर मोटर ओढत असतो. एवढ्या असंतुलनावर प्रिव्हेंटर मोटर बंद पाडायचा, आणि पेटी पाहायला रात्री रानडुकरांच्या वाटेने वावरात जावे लागायचे. तिथे पोहोचल्यावर बिघाड काहीच नसायचा. बटण दाबले की मोटर पुन्हा चालू. असे वारंवार झाले की माणूस काय करतो, हे आसपासच्या पेट्या उघडून पाहिल्यास कळते: प्रिव्हेंटरच्या दोन टोकांत तारेचा तुकडा अडकवून तो निकामी केलेला असतो, वरचा दिवा मात्र इमानाने लागत असतो.

सेटिंग सैल केल्यास हा त्रास थांबतो, हे खरे आहे. पण मग प्रिव्हेंटर ठेवण्याचे कारणच उरत नाही. चालत्या मोटरचा एक फेज गेला, तरी फिरती मोटर त्या रिकाम्या टोकावर स्वतःच व्होल्टेज निर्माण करते आणि भार हलका असेल तर ते मूळ व्होल्टेजच्या बरेच जवळ जाते. डीपीवरचा फ्यूज उडाला असेल, तर त्याच तारेवरच्या शेजाऱ्यांच्या मोटरी आणि कपॅसिटरही त्या मेलेल्या फेजला आधार देतात. म्हणजे रोजचे निरुपद्रवी असंतुलन आणि खरा बिघाड यांच्यातील अंतर व्होल्टेजमध्ये फारच थोडे राहते. त्यातही बोअरमधील केबलचा जोड तुटला किंवा स्टार्टरचा एक संपर्क जळला, तर वर बसलेल्या प्रिव्हेंटरला तिन्ही फेज ठणठणीतच दिसतात.

करंटमध्ये हेच अंतर मोठे असते. व्होल्टेजमधील 1 टक्का असंतुलनाने मोटरच्या करंटमध्ये साधारण 6 ते 10 टक्के असंतुलन येते. म्हणजे 3 टक्क्यांची रोजची गडबड करंटमध्ये फार तर 30 टक्क्यांपर्यंत जाते. डीपीच्या खालच्या, म्हणजे मोटरकडच्या बाजूचा एक फेज तुटला, तर त्या तारेतील करंट शून्य होतो आणि उरलेल्या दोन तारांत तो सुमारे 1.73 पट होतो. डीपीच्या वरच्या, 11 केव्हीच्या बाजूचा डीओ (खांबावरचा फ्यूज) पडला, तर ट्रान्सफॉर्मरच्या आतील डेल्टा-स्टार जोडणीमुळे चित्र बदलते: एका तारेत इतर दोघींच्या दुप्पट करंट वाहतो आणि सरासरीपासूनचे असंतुलन 50 टक्के भरते. म्हणून माझा रिले 40 टक्क्यांवर, काही सेकंदांच्या विलंबासह लावलेला आहे. या सेटिंगवर तो माझ्याकडे तरी रात्री विनाकारण पडल्याचे आठवत नाही. तुमच्या डीपीची अवस्था आमच्यापेक्षा वाईट असेल, तर अनुभव थोडा वेगळा येऊ शकेल.

आणखी एक फायदा उन्हाळ्यात कळतो. आंबिया बहराला पाणी सर्वांत जास्त लागते तेव्हाच बोअर आटतो. पाणी तुटले की मोटरचा करंट उतरतो आणि रिले तो पाहून मोटर बंद करतो. व्होल्टेजवर कोरड्या बोअरचा काहीच मागमूस दिसत नाही.

या रिलेची खोड अशी की तो लावणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. पाटीवरचा करंट न पाहता बटणे फिरवली, तर तो एक तर सुरुवातीलाच पडतो किंवा कधीच पडत नाही. किंमतही जास्त आहे. आणि स्टार्टरवर ऑटो स्विच (वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा) असेल, तर फेज नसतानाही मोटर पुन्हा पुन्हा सुरू होऊ पाहते, म्हणून तो काढून टाकावा. महावितरणही तेच सांगते, कारण वीज आल्याबरोबर सगळ्या मोटरी एकदम उठल्या की डीपी बसतो.

विहीर घराजवळ असेल, पंप 3 अश्वशक्तीचा असेल आणि पेटीजवळ दिवसभर कुणीतरी असेल, तर प्रिव्हेंटरवर भागू शकेल. त्यासाठी कुणाला नावे ठेवू नयेत. बोअर खोल असेल आणि वावर गावापासून लांब असेल, तर माझ्या मते जास्तीचे पैसे रिलेत घालावेत. बसवताना कपॅसिटर रिलेच्या मोटरकडच्या बाजूला येत असेल, तर रिलेला दिसणारा करंट पाटीवरच्या आकड्यापेक्षा कमी असतो. ओव्हरलोडचे सेटिंग त्या मोजलेल्या करंटवरून खाली आणायला मिस्त्रीला आवर्जून सांगावे.