जुनी 800, निळा धूर आणि बेळगावच्या उद्यमबागेतले मेस्त्री : 5 पैकी 4 स्टार

पप्पांनी 2008 ला घेतलेली मारुती 800 आहे आमची. आरसी 2023 ला पाच वर्षं वाढवून घेतलीय, म्हणजे 2028 पर्यंत तरी ती दारातनं हलत नाही. पण गेल्या पावसाळ्यापासून तिनं नवीनच धंदा सुरू केलेला, सकाळी सेल्फ मारला की मागनं निळ्या धुराचा एक मोठा भपका, दोन मिनिटांत गायब, मग गावात फिरवा कितीपण, काही नाही. समोरच्या काकू बोलायच्या काय नाहीत पण बरोबर आठला त्यांच्या खिडकीचा धाडकन आवाज यायचा. ऑईल पण खायला लागलेली, हजार किलोमीटरला पाऊण लिटर.

आधी एका मोठ्या गॅरेजला दाखवली, नाव घेत नाही. तिथल्या माणसानं प्लग सुद्धा काढला नाही, सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं, काळं बोट मला दाखवलं आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर करावं लागणार, इंजिनचं काम 38 ते 40 हजार म्हणून मोकळा. अहो, अख्खी गाडी विकली तरी तेवढे येतील काय? मग सगळे सांगतात तसं केलं, धूर बंद करणारं औषध म्हणून एक बाटली मिळते ती ओतली, जाडं ऑईल पण टाकून बघितलं. आठवडाभर बरं वाटलं, नंतर परत खिडकी धाडकन.

मला शंका यायचं कारण म्हणजे गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट. गोव्यात साखळीला मेव्हण्याकडं जाताना घाट उतरायचा तो गिअरवर, ॲक्सिलेटरवरनं पाय काढून, आणि खाली केरीच्या बाजूला सपाटी लागली, परत पाय दिला की मागं धुराचा पडदाच, एक बाईकवाला तर शेजारी येऊन हात करून करून सांगून गेला. येताना तोच घाट चढताना मात्र तिसऱ्या-दुसऱ्यात रडत रडत चढते पण धूर नाही. रिंगा गेल्या असत्या तर लोड आल्यावरच जास्त धूर मारला असता की.

हे सगळं ऑफिसातल्या एकाला सांगितलं तर तो म्हणाला उद्यमबागेत हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, काम करणारे एक मेस्त्री आहेत, त्यांच्याकडं जावा. बोर्ड नाही, पत्र्याचं शेड, बाहेर दोन ओम्नी उभ्या. मेस्त्रींनी माझं घाटाचं पुराण शांतपणे ऐकून घेतलं आणि पोराला कन्नडमध्ये हाक मारली, 'ए तम्मा, पाना ता,' म्हणजे पाना आण. तिन्ही प्लग काढले, सिलेंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावलं. 165, 155, 160. मग प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑईल सोडलं आणि परत घेतलं, आकडे जवळपास तेवढेच. रिंगा झिजलेल्या असतील तर ऑईल मध्ये भरून कॉम्प्रेशन झटक्यात वाढतं, इथं वाढलं नाही म्हणजे रिंगा बऱ्या आहेत. 'साहेब, खाली हात लावायचं नाही. वरची सीलं गेल्यात.' वीस मिनिटं लागली ह्याला आणि पैसे शून्य. 40 हजार सांगणाऱ्यानं एवढं तरी करायचं होतं.

व्हॉल्व्ह सील म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवर बसणारी रबराची टोपी, ह्या गाडीला सहा. वरनं ऑईल दांडीवरनं खाली सिलेंडरमध्ये जाऊ नये म्हणून. वर्षानुवर्षं उष्णतेनं रबर कडक होतं, मग रात्रभर ऑईल थेंब थेंब उतरतं आणि सकाळी भपका. घाटात पाय काढला की आत व्हॅक्यूम तयार होतो, तो पण तिथनंच ऑईल ओढतो, पाय दिला की ते जळतं. माझं केरीचं कोडं तिथं सुटलं.

हेड न उतरवता पण सीलं बदलता येतात म्हणे, पण मेस्त्री म्हणाले गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी, बघितल्याशिवाय मी करत नाही, गाईड सैल असेल आणि व्हॉल्व्ह हलत असेल तर नवं सील सहा महिन्यात परत जाणार. हेड उतरवलं, दोन एक्झॉस्टचे गाईड सैलच निघाले. ते लेथला बदलून घेतले, व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट कापल्या, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, हेडवर पट्टी ठेवून फीलर गेज घालून वाकलंय का बघितलं. वाकलं नव्हतं, तर उगाच फेसिंग करून, म्हणजे हेड घासून सपाट करून, बिल वाढवलं नाही. बसवताना बोल्ट मधनं बाहेर, टॉर्क पान्यानं, टप्प्याटप्प्यानं. मी समोर स्टूल टाकून बसलेलो.

जुनं सील त्यांनी माझ्या हातात दिलं. नखानं दाबलं तर कड तुटून पडली, सुपारीच जशी. मग व्हॉल्व्ह उभा धरून दांडीत जुनं सील घातलं, सोडल्यावर टपकन खाली. नवं घातलं तर जिथल्या तिथं चिकटून, बोटानं ढकलावं लागलं. 'बघा, एवढाच रोग,' म्हणाले.

खर्च सांगतो कारण सगळे तेच विचारतात. सील सेट 390, हेड पॅकिंगचा सेट 1150, उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट 780 आणि टेन्शनर 640, कूलंट 450, ऑईल-फिल्टर 1240, लेथचं 1800, मजुरी 3500. एकूण 9950. पार्ट मीच स्पेअरच्या दुकानातनं आणले, मेस्त्रींनी पाकीट फोडायच्या आधी उलटसुलट करून तपासले, आधी दुकानदारानं दिलेला एक सेट परत पण करायला लावला, रबर बरं नाही म्हणून.

एक स्टार का कापला ते ऐका. गुरुवारी देतो म्हणाले, मिळाली पुढच्या मंगळवारी, हेड तीन दिवस लेथवाल्याकडं पडून आणि फोन केला की 'झालंच साहेब'. पक्कं बिल नाही, बिडीच्या पाकिटावर हिशोब. ड्रायव्हर सीटवर ग्रीसचा पूर्ण पंजा उमटलेला, बायकोनं तो बघितला तेव्हा मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. आणि कूलंट असताना साधं पाणी भरायला निघालेला तो तम्मा, मी बघितलं म्हणून थांबला. हेड ॲल्युमिनियमचं, नुसत्या पाण्यानं आतनं खाऊन जातं, हे मेस्त्रींनीच मग त्याला कन्नडमध्ये जोरात समजावलं.

आता 2300 किलोमीटर झाले, दोनदा गोवा करून आलो, डिपस्टिकवर ऑईल जेमतेम बोटभर खाली. सकाळचा भपका बंद. काकूंची खिडकी मात्र अजून आठलाच लागते, सवय झाली असणार.

हजार किलोमीटरनंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, फुकट सेट करून दिले. जायचं असेल तर गाडी आदल्या रात्रीच तिथं लावून या, नाहीतर सकाळी शेजारच्या कुणाकडनं ढकलत न्या, कारण त्यांना इंजिन थंडगार लागतं, गरम गाडी घेऊन गेलात तर बॉनेट उघडून चहा सांगतात आणि दोन तास बसवून ठेवतात.