मोसंबीच्या बागेत ब्लोअरला वाइड अँगल पीटीओ शाफ्ट: एका हंगामाचा वापर

ओढत्या ब्लोअरला (पंख्याच्या हवेने फवारणारं यंत्र) ट्रॅक्टरच्या बाजूने वाइड अँगल जॉइंटचा, म्हणजे मोठ्या कोनातही फिरणाऱ्या सांध्याचा, शाफ्ट लावून मृग बहराच्या फवारण्या झाल्या. बाग १८ बाय १८ फुटांची, ओळीच्या टोकाला लगेच बांध. तिथे पीटीओ (यंत्राला शक्ती देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) बंद न करता वळता यावं एवढ्यासाठीच हा खर्च, आणि ते काम तो चोख करतो.

साधा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा एकेरी सांधा, कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. ४५ अंशांत ५४० आरपीएमचे ३८२ ते ७६४ असे हेलकावे, तेही सेकंदाला १८ वेळा. ती धडधड गिअरबॉक्स आणि पंप खातात. वाइड अँगलमध्ये दोन क्रॉस जवळजवळ असतात, मधली सेंटरिंग डिस्क कोन दोघांत सारखा वाटते. एकाची चूक दुसरा भरून काढतो. वळणातही पंख्याचा सूर बदलत नाही.

मात्र ब्लोअरकडचा क्रॉस साधाच आहे. त्याची चूक भरून काढणारं कुणी नाही, म्हणून ५४० वर तो १६ अंशांच्या आतच हवा. त्यासाठी हिचची पिन (यंत्र ट्रॅक्टरला जोडणारी) वाइड अँगल जॉइंटच्या जितकी खाली येईल तितकं चांगलं. पिन दोन्ही जॉइंटच्या बरोबर मध्ये येत असेल तर कोन दोन्हीकडे सारखा पडतो. मग साधा शाफ्टच घ्या, पैसे वाचतील. ‘८० अंश’ हा आकडा क्षणभराच्या वळणाचा, सतत चालवायचा नाही.

खरी कटकट ग्रीसची. डिस्कला दर ८ तासांनी, शाफ्ट सरळ ठेवून, नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरावं लागतं. चुकवलं की वळणावर कडकड येते, आणि झिजलेली डिस्क ग्रीसने परत येत नाही. शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या; काळ्या मातीचा चिखल नळीत वाळला तर शाफ्ट आत सरकत नाही आणि सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर जातो. फवारणीनंतर नळ्या ओढून पुसाव्यात.

लांबी कापताना सरळ उभ्या ट्रॅक्टरवर माप घेऊ नका. पूर्ण वळवून, सगळ्यात आखूड जागी घ्या. दोन्ही नळ्या आणि दोन्ही गार्ड (वरची संरक्षक आवरणं) सारखेच कापा. लांबलेल्या स्थितीत एक तृतीयांश नळी आत राहिली पाहिजे. जॉइंटचा गार्ड मोठा असतो, तो हिचला घासतो का तेही तेव्हाच पाहा.

रोटाव्हेटरला हा घेऊ नये. तिथे दोन्ही कोन सारखे असतात, उचलताना पीटीओ बंदच करायचा असतो, आणि दगड लागला तर वाचवतो तो शिअर बोल्ट, जो जास्त ताण आला की स्वतः तुटतो.