युद्धानंतरचं १०९ करायचंय, मग झेक मेझेक घ्यायचं की स्पॅनिश बुचोन?

मेसरश्मिट १०९ चं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं, मॉडेल तर करायचंय पण तेच ते करड्या रंगाचं लुफ्तवाफेवालं (जर्मन हवाई दलाचं) नको, असं असेल तर फिरून फिरून दोनच ऑप्शन उरतात, चेकोस्लोव्हाकियाचं एव्हिया एस-१९९ (हेच मेझेक) नाहीतर स्पेनचं हिस्पानो बुचोन. दोन्हीची बॉडी १०९ च्या ‘जी’ प्रकाराची, आणि दोन्हीकडे घोडं एकाच जागी अडलं, मूळचं डाइमलर-बेन्झ इंजिन मिळेना.

झेक लोकांकडे युद्ध संपल्यावर सुटे भाग पडलेले होते, त्यातून मूळ इंजिनाची थोडी विमानं (एस-९९) झाली पण, पण मग इंजिनांचा साठाच आगीत गेला. उरलं काय तर युंकर्सचं युमो २११, म्हणजे हाइंकेल १११ बॉम्बरचं इंजिन, आणि त्याच्यासोबत आला रुंद पात्यांचा दांडगा प्रोपेलर. आता १०९ ची चाकं आधीच जवळजवळ, कारण पाय पंखांना नाही तर बॉडीला जोडलेले, त्यात हा प्रोपेलर टेकऑफला विमान एका बाजूला खेचणार. पायलट लोक त्याला मेझेक म्हणजे खेचर म्हणायचे ते उगाच नाही. प्रोपेलरच्या मधोमध असणारी तोफ पण गेली, मग २० मिमीच्या तोफा पंखांखाली लटकवल्या. तरी साधारण ५५० बनवली बरं का!

आणि एवढं वाईट विमान नशीब मात्र काय घेऊन आलं बघा. १९४८ मध्ये नव्या इस्रायलला कोणी विमानं देईना तेव्हा त्यांनी हीच २५ घेतली, भाग सुटे करून झाटेत्स या झेक विमानतळावरून मालवाहू विमानांतून नेली. २९ मे ला पहिली चार इस्दूदजवळ इजिप्तच्या फौजेवर गेली, नुकसान फार केलं नाही, एक पायलट गेला, पण फौज तिथून पुढे तेल अवीवकडे सरकली नाही. त्या चौघांत एझर वाइझमन होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. ३ जूनला त्या चौघांतल्याच मोदी अलोनने तेल अवीववर दोन इजिप्शियन डकोटा विमानं पाडली. ज्यूंच्या देशाचं पहिलं लढाऊ विमान मेसरश्मिट, यावर काय बोलणार.

बुचोनकडे असलं काही नाही. सेव्हिलच्या हिस्पानो आव्हियासिओननं आधी हिस्पानो-सुइझा इंजिन लावून पाहिलं, मग १९५४ मध्ये थेट रोल्स-रॉइस मर्लिन, म्हणजे स्पिटफायरवालं इंजिन! (तसं १९३५ चं पहिलं १०९ पण रोल्स-रॉइसच्याच केस्ट्रेल इंजिनावर उडालं होतं.) १९६५ पर्यंत सर्व्हिसमध्ये राहिलं, नंतर ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ सिनेमात जर्मन बनून उडलं आणि त्यामुळेच बरीच वाचली, आजही एअरशोला यांतली काही उडताना दिसतात. फक्त नाक बघा, जर्मन इंजिन उलटं बसायचं म्हणून धुराड्या खाली, मर्लिन सरळ म्हणून त्या वर, आणि खाली फुगलेली हनुवटी. एकदा कळलं की सिनेमातली फसवणूक लगेच दिसते.

उडायला बुचोन नक्कीच बरं, पण शेल्फवर एकच ठेवायचं तर मी एस-१९९ घेईन, तेही इस्रायली. निळाशार रंग आणि चार पात्यांचा प्रोपेलर यावरच जीव असेल तर खुशाल बुचोन घ्या. एस-१९९ घेताना कॅनोपी (पायलटवरचं काचेचं झाकण) तेवढी बघून घ्या, इस्रायली विमानांची कॅनोपी बाजूला उघडणारी होती, मागे सरकणारी नंतरच्या झेक विमानांवर आली, ती इस्रायली डिकलखाली चालणार नाही.