मॉन्स्टर मॅन्युअल (2014): आठ महिन्यांच्या वापरानंतर

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं साकारून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं, त्यातल्या मॉन्स्टरची माहिती देणारं हे 352 पानी पुस्तक. आठ महिने, आठवड्याला एक सेशन, चौघा खेळाडूंच्या पात्रांची पार्टी, पहिल्या लेव्हलपासून सातव्यापर्यंत: एवढ्या वापरावर हे मत बेतलेलं आहे. पुस्तक उत्तम आहे. मात्र स्टॅट ब्लॉकमध्ये (मॉन्स्टरच्या आकड्यांच्या चौकटीत) डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरची, नजर सगळ्यात आधी ज्या आकड्यावर जाते, तो मॉन्स्टर किती अवघड हे सांगणारा चॅलेंज रेटिंग म्हणजे सीआर, सगळ्यात कमी भरवशाचा निघाला. मॉन्स्टर किती जीवघेणा आहे हे त्याच्या ट्रेट आणि ॲक्शनच्या बारीक मजकुरात लिहिलेलं असतं आणि तो मजकूर सेशनच्या आधीच वाचून ठेवावा लागतो.

गॉब्लिन घ्या. सीआर 1/4, एसी (आर्मर क्लास, म्हणजे फटका लागायला गाठावा लागणारा आकडा) 15, हिट पॉइंट (अंगातला जीव) 7. ब्लॉकमध्ये ‘निंबल एस्केप’ ही एक छोटी ओळ आहे: दर टर्नला बोनस ॲक्शन (जास्तीची छोटी कृती) वापरून तो डिसएंगेज (फटका न खाता बाजूला होणं) किंवा हाइड (लपणं) करू शकतो. नवे डीएम ही ओळ वाचतात आणि लढाई सुरू झाली की विसरतात. मग गॉब्लिन समोर उभे राहून मार खातात आणि दुसऱ्या राउंडला लढाई आटोपते. नीट चालवायचा तर झुडपाआडून शॉर्टबोचा बाण मारायचा आणि लगेच तिथेच हाइड करायचं. स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) +6 असल्यामुळे पॅसिव्ह परसेप्शन (न शोधताही लक्षात येण्याची क्षमता) 12 असलेल्या पात्राच्या नजरेतून सुटायला डी20 वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, 6 पुरतात. लपला की पुढचा बाण ॲडव्हांटेजने (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेऊन) सुटतो, आणि एसी 12 च्या विझार्डला तो लागण्याची शक्यता 65 टक्क्यांवरून सुमारे 88 टक्क्यांवर जाते. बाणाचं सरासरी नुकसान 5, पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट 8 च्या आसपास. दोन बाण लागले की विझार्ड आडवा.

यासाठी नकाशावर आडोसा खरोखर असावा लागतो. मोकळ्या मैदानात ‘निंबल एस्केप’चा अर्धा उपयोग जातो. म्हणून आधी झुडपं, पिंपं, दगड काढायचे आणि मग गॉब्लिन मांडायचे.

लढाई किती अवघड हे ठरवायचा पुस्तकी हिशोब इथे खरा ठरतो, हेही सांगायला हवं. प्रत्येक गॉब्लिनचे 50 एक्सपी (अनुभवाचे गुण). चार गॉब्लिनचे 200, आणि तीन ते सहा मॉन्स्टरसाठी गुणक 2, म्हणजे 400. पहिल्या लेव्हलच्या चौघांची ‘डेडली’ची (जीवघेण्या लढाईची) मर्यादा नेमकी 400 आहे. टेबलावरही ती लढाई तशीच जाते.

शॅडो या सावलीसारख्या मॉन्स्टरच्या बाबतीत हाच हिशोब पार फसतो. सीआर 1/2, एसी 12, हिट पॉइंट 16, एक्सपी 100. चार शॅडो म्हणजे 400 गुणिले 2, 800. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी मीडियम 600 ला सुरू होतं आणि हार्ड 900 ला, म्हणजे कागदावर ही मध्यम लढाई. आता ‘स्ट्रेंग्थ ड्रेन’ वाचा: फटका लागला की सरासरी 9 नेक्रोटिक नुकसान होतं, शिवाय स्ट्रेंग्थ 1डी4 ने (चार बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढी) घटते. स्ट्रेंग्थ 0 झाली की पात्र जागच्या जागी मरतं. डेथ सेव्ह (0 हिट पॉइंटवर जगायची संधी) नाही, सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळायला टाकायचा फासा) नाही. विझार्डची स्ट्रेंग्थ बहुतेक वेळा 8 असते. तीन फटक्यांत तीन डी4 ची बेरीज 8 किंवा जास्त येण्याची शक्यता बरोबर 50 टक्के, चार फटक्यांत 86. चार शॅडो एका राउंडमध्ये एकाच पात्रावर तुटून पडले तर हे सगळं पहिल्याच राउंडला घडू शकतं. त्यावर मॅजिक नसलेल्या शस्त्रांना त्यांचा रेझिस्टन्स (निम्मंच नुकसान), आगीला आणि थंडीलाही.

यावर उपाय आहेत. पार्टीत क्लेरिक किंवा पॅलाडिन नसेल तर पाचव्या लेव्हलआधी दोनपेक्षा जास्त शॅडो आणू नयेत, कारण त्यांची एकमेव व्हल्नरेबिलिटी (दुप्पट नुकसान) रेडियंट म्हणजे दैवी तेजाच्या नुकसानाला आहे. प्रत्येक पात्राची चालू स्ट्रेंग्थ सगळ्यांना दिसेल अशी कागदावर लिहावी. आकडा 8 वरून 5 वर आलेला दिसला की खेळाडू पळायचा निर्णय वेळेत घेतात. घटलेली स्ट्रेंग्थ शॉर्ट रेस्टने (छोट्या विश्रांतीने) परत येते, हे क्लेरिकला ठाऊक असू शकतं, तेव्हा विचारलं तर सांगावं. उजेडही महत्त्वाचा: शॅडो अंधारात किंवा अंधुक उजेडातच बोनस ॲक्शनने लपू शकतो. टॉर्चचा पूर्ण उजेड 20 फुटांपर्यंत पडतो आणि त्या वर्तुळात त्याला ही सोय मिळत नाही.

बॅन्शी याच जातीची आहे. सीआर 4, पण तिचा आक्रोश 30 फुटांतल्या प्रत्येकाला डीसी 13 चा (किमान 13 लागणारा) कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायला लावतो. चुकला तो थेट 0 हिट पॉइंटवर.

ओगरची अडचण उलटी. हिट पॉइंट 59, पण एसी फक्त 11 आणि टर्नला एकच हल्ला. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसमोर एकटा ओगर दोन-तीन राउंडमध्ये कोसळतो, कारण त्याच्या एका टर्नला पार्टीचे चार टर्न असतात. पहिल्या लेव्हलला तोच ओगर भयंकर ठरतो. ग्रेटक्लबचं नुकसान 2डी8+4. ते 16 किंवा जास्त आलं तर 8 हिट पॉइंटचा विझार्ड त्याच क्षणी मरतो, कारण 0 नंतर उरलेलं नुकसान त्याच्या कमाल हिट पॉइंटएवढं होतं. चार फटक्यांमागे जवळपास एकदा हे घडतं. एकटा मोठा मॉन्स्टर आणायचा असेल तर त्याच्यासोबत दोन-तीन छोटे द्यावेत. ओगरच्या मागे झाडावर दोन गॉब्लिन बसवले की तीच लढाई जिवंत होते.

ट्रोल बहुतेक वेळा डीएमच्या विसरभोळेपणामुळे फसतो. टर्नच्या सुरुवातीला 10 हिट पॉइंट परत मिळतात; आग किंवा ॲसिड लागलं असेल तर त्या एका टर्नला मिळत नाहीत. तो 0 वर असताना टर्न सुरू झाला आणि रिजनरेशन झालं नाही, तरच मरतो. इनिशिएटिव्हच्या (टर्नच्या क्रमाच्या) यादीत ट्रोलच्या नावापुढे ‘+10’ लिहून ठेवा. पार्टीकडे आगीचा स्पेल नसला तरी बिघडत नाही. पेटत्या टॉर्चचा फटका 1 फायर नुकसान करतो आणि रिजनरेशन थांबवायला तेवढं पुरतं.

रस्ट मॉन्स्टरचा मान जुना आहे. 1977 च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही तो होता, आणि आउलबेअरप्रमाणे त्याचं रूपही प्लॅस्टिकच्या एका स्वस्त खेळण्यावरून आलेलं आहे. त्याचा अँटेना लागला की मॅजिक नसलेल्या धातूच्या चिलखताचा एसी कायमचा एकाने घटतो. 1500 सुवर्णनाणी मोजून घेतलेलं प्लेट आर्मर त्याच्यासमोर न्यायचं की नाही, हे ठरवायची संधी खेळाडूंना मिळायलाच हवी. वाटेत गंजाची भुकटी आणि बिजागरं नसलेली दारं दाखवा, नाहीतर तो अन्याय वाटतो.

पुस्तकाचा सगळ्यात मोठा दोष स्पेल टाकणाऱ्या मॉन्स्टरमध्ये आहे. मेज या जादूगाराच्या ब्लॉकमध्ये स्पेलची नुसती नावं आहेत, नियम प्लेयर्स हँडबुकमध्ये. लढाई थांबवून पानं उलटली की टेबल थंड पडतं. मेजचे हिट पॉइंट 40, तो तीनेक राउंड जगतो, त्यामुळे पूर्ण यादी लागतच नाही. कार्डावर पाचच स्पेल उतरवा: कोन ऑफ कोल्ड (8डी8), ग्रेटर इन्व्हिझिबिलिटी, मिस्टी स्टेप, आणि रिॲक्शनसाठी (दुसऱ्याच्या टर्नमध्ये द्यायच्या उत्तरासाठी) शील्ड व काउंटरस्पेल. मेज आर्मर आधीच टाकलेलं धरा, एसी 15.

सीआरनुसार यादीही या पुस्तकात नाही, ती डन्जन मास्टर्स गाइडमध्ये शोधावी लागते. 2025 च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ती मागे दिली आहे, इनिशिएटिव्हही ब्लॉकमध्ये छापला आहे आणि 500 हून अधिक मॉन्स्टर आहेत. पण तिथे बरेच परिणाम सेव्हशिवाय लागू होतात. जुन्या पुस्तकात लांडगा चावला की प्रोन होणं टाळायला डीसी 11 चा सेव्ह मिळायचा, नव्यात मध्यम आकाराचं पात्र थेट आडवं होतं. नव्या खेळाडूंच्या टेबलावर तो एक सेव्ह मोलाचा असतो, म्हणून पहिल्या तीन लेव्हलसाठी जुनंच पुस्तक जास्त पसंत आहे.