शंभर क्लिपांचा डबा: नऊ महिन्यांनंतर, एका फाटक्या प्लास्टिकसह

नऊ महिन्यांत गाडीच्या डावीकडच्या दरवाज्याचा पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, पुन्हा सुटला, उजवीकडचा जागचा हलला नाही. पॅड पत्र्याला धरून ठेवणाऱ्या क्लिपा दोन्हीकडे एकाच डब्यातल्या. म्हणून हे लिहावं लागतंय. नाहीतर अडीचशे रुपयांच्या डब्याबद्दल एवढं कोण लिहितं!

डबा तोच, ऑनलाइन सगळीकडे दिसणारा: शंभर क्लिपा, पाच-सहा मापं, वर पॅड उचकटायचा एक प्लास्टिकचा पाना फुकट. गाडी मारुती ८००, पॅड पुठ्ठ्याचा, वर रेक्झिन. या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, त्यामुळे रस्त्यावरची सगळ्यात तरुण ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढची. एवढ्या उन्हाळ्यांत मूळ क्लिपा वाळून पापड होतात. पॅड काढताना निम्म्या तुटणार असं धरूनच चाला. थंडीच्या सकाळी तर हे काम काढूच नका. दुपारी गाडी तासभर उन्हात ठेवली की प्लास्टिक जरा लवतं.

पॅड कसा काढायचा ते बहुतेकांना ठाऊक असतं, पण काच फिरवायच्या हँडलपाशी लोक अडतात. त्यात स्क्रू शोधू नका. मागे घोड्याच्या नालेसारखी तारेची स्प्रिंग असते. हँडल आणि त्यामागची चकती यांच्यामध्ये जुन्या बनियनची चिंधी घालून बूट पॉलिश केल्यासारखी इकडून तिकडे ओढली की स्प्रिंग उडते. खरंच उडते, दुसरा हात आडवा धरा. काच बंद असताना हँडल कुठल्या कोनात होतं त्याचा फोटो आधीच काढून ठेवा. बसवताना स्प्रिंग अगोदर हँडलमध्ये, मग हँडल दांड्यावर दाबायचं. पॅड उचकटताना खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि पाना क्लिपच्या अगदी लगत घाला. दोन क्लिपांच्या मधोमध जोर दिला की क्लिप पत्र्यात राहते आणि पुठ्ठ्याचा लचका हातात येतो.

आता क्लिपा. शंभरातल्या या गाडीला लागू पडणाऱ्या निघाल्या बावीस. विक्रेत्याचं ‘सर्व गाड्यांना चालेल’ हे वाक्य ‘उरलेल्या शेजाऱ्यांना वाटा’ असं वाचावं. मापं दोन बघायची. पहिलं, पत्र्यातलं भोक. व्हर्नियर नसेल तर ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू घालून पाहा. जो सगळ्यात मोठा बिट अडखळल्याशिवाय जातो, तेच भोकाचं माप. क्लिपचं पोट त्याहून अर्धा ते एक मिलिमीटर जाड हवं. त्याहून जाड क्लिप बुक्की मारून बसते खरी, पण पुढच्या वेळी निघताना पुठ्ठा घेऊन निघते. दुसरं माप कुणी बघत नाही: क्लिपच्या डोक्याच्या दोन चकत्यांमधली फट. पुठ्ठा जेमतेम अडीच मिलिमीटर, डब्यातल्या क्लिपांची फट चारच्या आसपास. पॅड दिसायला घट्ट बसतो, आणि काच अर्धी खाली करून दरवाजा आपटला की खडखड सुरू. दोन मिलिमीटरच्या फोम शीटमधून वायसर कापून मानेत घातले की आवाज बंद. सुट्या मिळणाऱ्या मूळ क्लिपांना हे करावं लागत नाही, पण त्या दहा-पंधरा रुपयांना एक पडतात.

तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं मत होतं: दोन तारे, पैसे वाया. पावसाळा संपता संपता ते बदलावं लागलं.

डावीकडचा पॅड पुन्हा सुटला तेव्हा क्लिपा पत्र्यात शाबूत होत्या. सुटला होता तो पुठ्ठा. खालचा चार बोटं पट्टा भिजून फुगलेला, क्लिपांची डोकी अडकतात त्या खाचा फाटलेल्या. कारण पॅड आणि पत्रा यांच्यामधला प्लास्टिकचा कागद. पूर्वी कधीतरी स्पीकर बसवणाऱ्याने तो मधोमध फाडून तसाच लोंबता ठेवला होता. गॅरेजमध्ये दहापैकी नऊ जण असंच करतात आणि वर ‘त्याचं काही काम नसतं’ म्हणतात. काम असतं! काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या रबरपट्टीतून दरवाज्याच्या आत जातंच, दरवाज्याची रचनाच तशी आहे. आत गेलेलं पाणी तळाच्या भोकांतून बाहेर पडायचं, आणि तोवर पुठ्ठ्याला लागू नये म्हणून हा कागद. तो नसेल तर जगातली सर्वोत्तम क्लिपसुद्धा ओल्या पुठ्ठ्याला धरून किती दिवस राहणार? उजवीकडे कागद नवा घातला होता, म्हणून तो पॅड टिकला. क्लिपांची त्यात काही मर्दुमकी नाही.

कागदासाठी बांधकामवाल्यांचं जाड पॉलिथीन चालतं, शंभर मायक्रॉनच्या खाली नको. जुन्या कागदावर ठेवून कापा. चिकटवायला ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) घ्या. दुहेरी फोम टेप पहिल्याच पावसात सोडते. पत्रा आधी पेट्रोलच्या फडक्याने पुसा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदाची खालची कड पत्र्याच्या आतल्या बाजूला, दरवाज्याच्या पोटात सोडायची. बाहेर ठेवलीत तर कागद पन्हाळीसारखा सगळं पाणी पॅडच्या बुडाशी आणून ओतेल. तळाची भोकं तारेने मोकळी करा, चिखलाने बुजलेलीच असतात.

फाटलेल्या खाचेला पांढरा फेविकॉल नको, ओलाव्याने सुटतो. ग्लू गनही नको, उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते. पुठ्ठा पूर्ण वाळवा, एक मिलिमीटर अॅल्युमिनियमचा चार सेंटिमीटर चौरस तुकडा घ्या, त्यात खाच कापून कानशीने कडा मारा आणि अराल्डाइटने मागून चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. सुटलेल्या रेक्झिनला एसआर सोल्युशन (रबरी गोंद) दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दाबा. पॅडमधून सरळ पत्र्यात स्क्रू मारून देणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा: भोकाला गंज धरतो आणि लांब स्क्रू आत काचेला घासतो.

दरवाजा ओढायच्या मुठीचे स्क्रू मात्र पत्र्यातल्या पांढऱ्या नायलॉनच्या गुटक्यात घट्ट बसले पाहिजेत. गुटका फिरत असेल तर बदला, नाहीतर दरवाजा ओढायचा सगळा जोर क्लिपांवर येतो.

तर आता तीन तारे. चौथा मिळाला असता, पण फुकटच्या पान्याचं टोक तिसऱ्याच क्लिपला वाकलं. पुट्टीच्या पात्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून बाकीचं काम झालं.