द्राक्षाच्या काड्यांचं खत : दोन छाटण्या आणि एका हंगामाचा अनुभव

आमची बाग दिंडोरी तालुक्यात. छाटणी झाली की काड्या बांधावर ओढायच्या आणि पेटवायच्या, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. गेल्या वर्षीच्या आधीच्या ऑक्टोबरला ते थांबवलं. अख्ख्या काड्या रचल्या, शेणकाला ओतला, झाकून ठेवलं. एप्रिलमध्ये उघडलं तर पानं कुजलेली, काड्या जशाच्या तशा. वाळल्या काडीत कर्ब भरपूर, नत्र नावापुरतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण ३० भाग कर्बाला १ भाग नत्र लागतं. शिवाय सालीसकट काडीत ते शिरणार तरी कुठून?

म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीला काड्यांचा भुगा करणारा ट्रॅक्टरवरचा श्रेडर भाड्याने आणला. त्याआधी बांधणीची प्लास्टिक सुतळी आणि तारेचे तुकडे वेचून काढा. फार वेळखाऊ काम आहे, पण टाळू नका. माझ्याकडून राहिलेली सुतळी अजून बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यावर, सापडते आणि दर वेळी जीव हळहळतो.

भुग्याचा एक थर, त्यावर उन्हाळ कांद्याची ओली पात, त्यावर ताजं शेण, असं करत ५ फूट रुंद, ४ फूट उंच ढीग लावला. नाडेप पद्धतीचा, खत कुजवायचा जाळीदार विटांचा १० बाय ६ फुटांचा हौद बांधणार होतो, पण आमच्याकडे काडी एकदम निघते. तेवढे हौद परवडेनात. पाचव्या दिवशी ढिगात पहार खुपसली, थोड्या वेळाने उपसली तर तापून हातात धरवेना. तेव्हा ढीग कुजतोय याची खात्री पटली. मे महिन्यात खरी कसोटी पाण्याची. मूठभर माल दाबला की बोटांतून एखादाच थेंब यावा, एवढी ओल टिकवायची. दर पंधरवड्याला ढीग उलथला, पावसात ताडपत्री टाकली. ऑगस्टअखेर ढीग निम्म्याहून खाली बसला होता. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. काडीवरच्या जाड डोळ्यांचे, म्हणजे गाठींचे, तुकडे तेवढे राहिले, ते चाळून पुढच्या ढिगात टाकले.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी हे खत निम्म्या बागेत चारीतून दिलं, निम्मी बाग नेहमीच्या शेणखतावर ठेवली. डिसेंबरात दोन्हीकडचे बोद उकरून पाहिले. कंपोस्टच्या बाजूला पांढरी मुळी भुग्याच्या कणांना लपेटून बसलेली, गांडुळंही जास्त. घडांत मात्र डोळ्यांना दिसेल असा फरक नाही, आणि रासायनिक खतं मी बंद केलेली नाहीत. वाचल्या त्या शेणखताच्या दोन ट्रॉल्या.

येत्या एप्रिलला सगळ्या बागेची काडी ढिगात जाईल. श्रेडर आत्ताच सांगून ठेवलाय, छाटणीच्या दिवसांत तो मिळत नाही.